काटकसर कुणाच्या जिवावर

चिंचवडच्या मावसभावाला नवी गाडी घ्यायची आहे. गेले पंधरा दिवस घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. अर्धे म्हणतात टाटाचीच घे, आपल्या पिंपरीची कंपनी, लोखंड आहे लोखंड. उरलेले म्हणतात मारुती घे, पेट्रोल कमी पिते, कुठल्याही तालुक्याच्या गावी पार्ट मिळतो, विकायला काढलीस तर चार पैसे येतात. मग कुणीतरी चेपलेल्या गाडीचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "पत्र्याचा डबा". परवा भावाने थेट मलाच विचारलं, "दादा, तू तर सुझुकीच्या गावात राहतोस. जपानी माणसाला चांगली गाडी देतात आणि आपल्याला डबा, हे खरं का?"

याचं उत्तर ग्रुपवर चार ओळींत देता येईना, म्हणून इथे लिहितो आहे.

मी नऊ वर्षं हामामात्सुत राहतो. तोक्यो आणि ओसाका यांच्या साधारण मधोमध, समुद्राकाठचं हे शहर. वाद्यांच्या कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला आहे, सुझुकीच्या पगारावर नाही. मूळ गाव इचलकरंजी. गाव मुद्दाम सांगितलं, कारण सुझुकी ही कंपनी मला खऱ्या अर्थाने समजली ती गाडीवरून नाही, मागावरून.

ताकात्सुका स्टेशनजवळ कंपनीचं मुख्यालय आहे आणि तिथेच तिचं संग्रहालय. आधी नाव नोंदवायचं, तिकीट नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मोटारसायकली आणि गाड्या पाहायच्या म्हणून गेलो, आणि लाकडी मागासमोरच थांबलो. ज्याचं लहानपण धोट्याच्या खडखडाटात गेलं, रात्री माग बंद पडले की ज्याला झोपेतून जाग यायची, त्याला ते लाकूड परकं वाटत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला १९०४ मध्ये. इकडे मिचिओ सुझुकी नावाच्या कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाने माग बनवण्याचा कारखाना काढला १९०९ मध्ये. हा पोरगा सुताराकडे उमेदवारी करत होता. रशियाशी युद्ध सुरू झालं, बांधकामं थांबली, तसा उस्ताद माग बनवायला लागला आणि पोरगाही ते शिकला. त्याने स्वतःचा पहिला माग केला तो आईसाठी, तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. पुढे त्याने दोन धोट्यांची पेटी वरखाली करणारी रचना काढली. त्यामुळे आडवे पट्टे विणता यायला लागले. आमच्याकडे अशा मागाला ड्रॉपबॉक्स म्हणतात. त्याचे माग पुढे लुंगीसारखे सारोंग विणायला आग्नेय आशियात गेले.

हा सगळा मुलूख मागवाल्यांचा. टोयोटा कंपनीच्या तोयोदा घराण्याचे मूळ पुरुष साकिची जन्मले ते शेजारच्या कोसाईत, तेही मागांचे कारागीर. सोइचिरो होंडाही इथलेच. इथल्या बोलीत एक शब्द आहे, 'यारामाइका'. म्हणजे, करून तर बघू.

१९५१ च्या सुमाराला कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक उरलं नाही. मिचिओंचे जावई शुन्झो मासे पकडून सायकलवरून परतत होते. हिवाळ्यातला इथला कोरडा वारा समोरून असा येतो की पायडल मारून मांड्या भरून येतात. सायकलला इंजिन लावलं तर, असं त्यांच्या मनात तेव्हा आलं, असं सांगतात. १९५२ मध्ये ३६ सीसीचं इंजिन लावलेली सायकल बाजारात आली. तीन वर्षांनी ३६० सीसीची सुझुलाइट ही छोटी गाडी आली. हा वारा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

इचलकरंजीच्या कुठल्याही मागवाल्याला विचारा, एका कांडीवर किती सूत वाया जातं याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. सुझुकीच्या रक्तात तोच हिशेब आहे. मिचिओंच्या नातीशी लग्न करून घराण्याचं नाव घेतलेले ओसामु सुझुकी १९७८ मध्ये अध्यक्ष झाले आणि चाळीसहून अधिक वर्षं ही कंपनी त्यांच्या शब्दावर चालली. लहान, कमी, हलकं, आखूड, सुंदर, या अर्थाची पाच जपानी अक्षरं त्यांनी कारखान्याचं सूत्र करून टाकली. छपरातून उजेड येतो तर दिवा कशाला, उतारावरून भाग आपोआप घरंगळतो तर मोटार कशाला. १९७९ मध्ये त्यांनी ऑल्टो आणली ४ लाख ७० हजार येनला. मालवाहू वर्गात नोंद केल्यामुळे तिच्यावरचा कर वाचला. त्याच पिढीच्या गाडीवर बेतलेली मारुती ८०० ही १४ डिसेंबर १९८३ ला गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आमच्याकडे ती आली नव्वदच्या दशकात, जुनी, पांढरी. तिच्यातून आम्ही सात जण जोतिबाला गेलो, नरसोबाच्या वाडीला गेलो, आजीला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. वडिलांनी आयुष्यभर स्कूटर चालवली होती. पावसात कोरडं घरी यायचं म्हणजे काय, हे त्यांना त्या गाडीने दाखवलं. पट्टा तेव्हा कुणी लावला नाही, मागे तर तो होताही की नाही आठवत नाही. म्हणून जेव्हा कुणी उठून 'डबा' म्हणतं तेव्हा माझ्या पोटात कालवतं. स्वस्त गाडी बनवणं ही फसवणूक नाही. महाराष्ट्रातली लाखो घरं त्या काटकसरीमुळे पहिल्यांदा चार चाकांवर बसली. ओसामु सुझुकी २०२४ च्या नाताळात गेले आणि भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं, ते मला योग्यच वाटलं.

पण भावाचा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर मला आवडणारं नाही.

गाड्या मुद्दाम आदळून त्या किती सुरक्षित आहेत हे तपासणारी युरो एनकॅप ही युरोपातली संस्था. २०१० मध्ये तिच्या चाचणीत स्विफ्टला पाचपैकी पाच तारे मिळाले. त्या गाडीत सात एअरबॅग होत्या. २०१४ मध्ये तशाच चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतात विकली जाणारी, एअरबॅग नसलेली स्विफ्ट आदळून पाहिली. शून्य तारे. त्याच वर्षी ऑल्टो ८०० लाही शून्य. तपासणाऱ्यांनी सांगितलं की बसणाऱ्यांभोवतीचा सांगाडाच टिकत नाही. २०२० मध्ये एस-प्रेसोला पुन्हा शून्य. नाव तेच, बोधचिन्ह तेच, कंपनी तीच. सुझुकीला सुरक्षित स्विफ्ट बनवता येत नव्हती असं मुळीच नाही, येत होती. भारतात कायदा मागत नव्हता, म्हणून दिली नाही.

इथे माझी कंपनीशी फारकत होते. सूत वाचवलं, वीज वाचवली, नफ्याची टक्केवारी कमी धरली, तर ती काटकसर, कारण तोशीस आपल्या अंगाला लागते. बसणाऱ्याच्या छातीपुढची पिशवी वाचवली तर ती काटकसर नाही, कंजुषी आहे, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावरची.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद मी नीट ऐकला आहे. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचं आपले नागपूरचे गडकरी म्हणत होते, तेव्हा मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचं म्हणणं होतं की लहान गाडी महाग झाली तर सामान्य माणसाला ती परवडणार नाही. तो मग दुचाकीवरच राहील, हा त्याचा पुढचा भाग. हे हसण्यावारी नेता येत नाही. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची. बायको मागे, पोरगं पुढच्या टाकीवर, अशा माणसाला कुठलीही गाडी बरी. पण हा युक्तिवाद जो स्कूटरवरून उतरतो आहे त्याच्यापुरता खरा. चिंचवडला माझा भाऊ दहा-बारा लाखांची गाडी घ्यायला निघाला आहे, त्याला तो का ऐकवायचा? शेवटी २०२३ मध्ये ती सक्ती बारगळली. आणि २०२५ मध्ये मारुतीने स्वतःहून ऑल्टो के-१० आणि वॅगनआरमध्येही सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. त्याआधी २०२४ मध्ये नव्या डिझायरने ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आणले. ग्राहक तारे विचारायला लागला, शेजारची कंपनी तारे दाखवून गिऱ्हाईक नेऊ लागली, तेव्हा जमलं. मग दहा वर्षं आधी का नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता दुसरी बाजू. ग्रुपवर सगळ्यांना वाटतं की जपानमध्ये लोक रणगाडे चालवतात. मी स्वतः पिवळ्या पाटीची, म्हणजे इथल्या सर्वांत लहान गाड्यांच्या वर्गातली ऑल्टो चालवतो. इंजिन ६६० सीसी, लांबी ३.४ मीटरच्या आत, सध्याच्या पिढीतली सर्वांत हलकी ऑल्टो भरते ६८० किलो. दरवाजा लावला की आवाज आपल्या जुन्या ८०० सारखाच येतो. पत्रा बोटाने दाबून गाडीची पारख करणारा आमचा मामा तिला नक्की डबा म्हणेल. पण पत्रा हे कातडं आहे, जीव वाचवतात ती आतली हाडं. हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर हलकीचं नुकसान जास्त, हे मात्र इथेही तितकंच खरं आहे.

मग इथे माणसं कमी का मरतात? १९७० मध्ये जपानमध्ये वर्षाला १६,७६५ माणसं रस्त्यावर मेली होती. वर्तमानपत्रं त्याला वाहतुकीचं युद्ध म्हणत. २०२४ मध्ये आकडा होता २,६६३. हे काही एका कंपनीच्या पत्र्याने झालेलं नाही. नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि तिचा खर्च असा की खिसा हलका होतो. सहा वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट हवी, हे २००० पासून. मागच्या सीटवरही पट्टा, हे २००८ पासून. २०२१ नंतर आलेल्या नव्या मॉडेलना आपोआप ब्रेक लागण्याची सोय सक्तीची. आमच्या गल्लीबोळांत ताशी तीस-चाळीस आणि पलीकडे शिन-तोमेइ महामार्गावर १२०, अशा वेगाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. म्हणजे हीच काटकसरी कंपनी, पण तिच्या चहूबाजूंनी कुंपण आहे.

आणि कुंपण का लागतं, तेही याच जिल्ह्यात दिसलं. २०१६ मध्ये उघड झालं की सुझुकीने इंधनाच्या चाचण्या नियमाप्रमाणे केल्याच नव्हत्या. धावपट्टीवर गाडी सोडून मोजायचं, त्याऐवजी सुट्या भागांचे आकडे बेरजेला धरले. जवळपास २१ लाख गाड्या त्यात होत्या. कारण काय दिलं? सागारा इथली कंपनीची चाचणी-पट्टी समुद्रालगतच्या टेकडीवर आहे, वारा फार असतो, मोजमाप नीट येत नाही. ज्या वाऱ्याशी झुंजून सायकलला इंजिन लावलं, तोच वारा साठ-पासष्ट वर्षांनी सबब झाला! फेरतपासणीत आकडे खोटे ठरले नाहीत, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. पण २०१९ मध्ये तेवढंही बोलायची सोय राहिली नाही. कारखान्यातून सुटण्याआधीची शेवटची तपासणी अपात्र माणसांनी केली होती, ब्रेकचे आकडे बदलले होते. २० लाखांवर गाड्या परत बोलावल्या, ८० अब्ज येनचा फटका बसला. तपास अहवालात मूळ दुखणं लिहिलं होतं: तपासणीसाठी माणसं अपुरी, यंत्रं जुनी. तिथेही काटकसरच.

म्हणजे जपानी माणसाशी प्रामाणिक आणि आपल्याशी लबाड, असं नाही रे बाबा. ही कंपनी जिथे कुणी बघत नाही तिथे वाचवते. इथे सरकारने बघितलं, अहवाल जगजाहीर झाला, अध्यक्ष कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकले. आपल्याकडे आपण काय केलं? टाटा की मारुती यावरून देशभक्ती मोजली.

भारतातल्या कामगारांबद्दलही इथे लिहायला हवं, कारण काटकसरीचा दुसरा हिशेब त्यांच्या नावावर आहे. मानेसरच्या कारखान्यात जुलै २०१२ मध्ये दंगल झाली, एक अधिकारी जिवानिशी गेला, महिनाभर कारखाना बंद होता. त्या मृत्यूचं समर्थन कुणी करू नये. पण त्याआधी वर्षभर ते कामगार सात मिनिटांच्या चहाच्या सुट्टीबद्दल आणि कंत्राटी मजुरीबद्दल बोलत होते, हेही विसरू नये. आज गुजरातच्या हंसलपूरला बनलेली फ्रॉन्क्स आमच्या हामामात्सुच्या शोरूममध्ये उभी असते. गुडगावची पाच दारांची जिम्नी 'नोमाद' नावाने इथे जाहीर झाली, आणि चार दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्यामुळे नोंदणी थांबवावी लागली. जपानी नियमांना उतरणारी गाडी आपल्या माणसांच्या हातून बनते, याला आता पुरावा लागत नाही.

भावाला मी कालच कळवलं. मारुती घे नाहीतर टाटा, पण पत्रा दाबून बघू नकोस. नेमक्या त्याच मॉडेलचा भारत एनकॅपचा, म्हणजे आपल्याकडच्या आदळून बघण्याच्या चाचणीचा निकाल बघ, मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, दोन्ही बघ. मागे तिघांनाही तीन-बिंदूंचा पट्टा आहे का ते बसून, लावून बघ. आणि दीड वर्षाच्या परीसाठी चाइल्ड सीट गाडीच्याच दिवशी घे, नंतर राहून जातं.

त्याने विचारलं, "केवढ्याला मिळते?" त्याच्याखाली लगेच मावशीचा निरोप आला, "कशाला खर्च, पोरगी माझ्या मांडीवर बसेल."

आज रात्री मावशीला फोन करणार आहे.