मोठा प्लॅन घेण्याआधी लॅनची वायर लावून बघा

नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज या महिन्यात तीनदा आला. परवा मनीषनगरहून बहिणीनेही तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: रात्री नेट स्लो होतं कारण कंपनी मुद्दाम स्पीड कापते, मोठा प्लॅन घेतला की कापत नाही. डीएनएस ८.८.८.८ करा, स्पीड दुप्पट होईल. राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावा. आणि राउटर दर तासाला बंद-चालू करा.

आमच्याच विंगमधल्या दोन घरांनी हे वाचून वर्षभराचे पैसे एकदम भरले आणि प्लॅन वाढवला. दोघांकडेही नेट होतं तसंच आहे. कष्टाचा पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कंपनी स्पीड कापते." घरात नेट दोन टप्प्यांत येतं. राउटरपर्यंत फायबरने आणि राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत हवेतून. दुखणं कोणत्या टप्प्यात आहे हे न बघता कंपनीला दोष देता येत नाही. बघायचं कसं? लॅपटॉप लॅनच्या वायरने (राउटरच्या मागच्या खाचेत, म्हणजे लॅन पोर्टमध्ये बसते ती नेटची वायर) थेट राउटरला जोडा, बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी हेच केलं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, पण नातू ज्या मागच्या खोलीत क्लास करतो तिथे मोबाइलवर स्पीड ६. "लुटून राहिले रे हे कंपनीवाले," काकू म्हणाल्या. वायर लावली तर ९४ आले. साध्या लॅन पोर्टवर १०० च्या प्लॅनला साधारण एवढेच दिसतात, म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत होती. मग राउटर शोधला. तो हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर, आणि एप्रिलपासून त्याच्या पुढ्यात कूलर. पत्र्याची बॉडी, ओल्या ताट्या, खाली काठोकाठ भरलेली टाकी. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. नातवाच्या खोलीकडे जाणारी वाटच कूलरने अडवली होती. लाइनमनकडून फायबर वाढवून घेतली, राउटर पॅसेजमधल्या कपाटावर ठेवला. त्याच मोबाइलवर, त्याच खोलीत ४१ आले. प्लॅन तोच. नागपुरात उन्हाळ्यात ज्यांचं नेट अचानक मंदावतं, त्यांनी आधी कूलर आणि राउटर एका रेषेत आहेत का ते बघावं.

"मोठा प्लॅन घ्या." राउटर बहुतेक दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. साधा मोबाइल २.४ वर असेल तर कागदावर ७२ एमबीपीएसपर्यंत जोडला जातो, हातात चाळीस-पन्नास पडतात. मग प्लॅन १०० चा असो की ३०० चा, त्या मोबाइलला फरक पडत नाही. राउटरच्या जवळ बसत असाल तर मोबाइलच्या वायफाय यादीतलं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. भिंतीपलीकडे तो लवकर दमतो, तिथे २.४ च बरा. ज्या दोन घरांनी प्लॅन वाढवला, त्यातल्या एकाकडे मी वायर तपासली. लॅनच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या होत्या. चार तारांवर १०० च्या वर स्पीड जातच नाही, आणि त्यांनी ३०० चे पैसे भरले होते. आणखी एक घोळ नेहमी होतो. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. १०० च्या प्लॅनवर १२ दिसत असतील तर ते बरोबर आहे.

"डीएनएस बदला." डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा. साइट उघडायला सुरुवातीलाच वेळ लागत असेल तर थोडा फरक जाणवेल. व्हिडिओ आणि डाउनलोडचा स्पीड त्याने वाढत नाही.

"फॉइल लावा." हे मला सगळ्यात जास्त खटकतं. फॉइल लहरी परतवते, म्हणून एका दिशेला थोडं बरं होईल, पण मागच्या खोल्यांचं जाईल. त्यात राउटरच्या जाळ्या झाकल्या तर तो तापतो. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारी त्याच्या पलीकडे सहज जाते. त्याला मोकळी हवा द्या.

"दर तासाला बंद-चालू करा." एकदा केल्याने बरं वाटतं ते खरं, कारण तेव्हा राउटर आपला चॅनेल, म्हणजे बँडमधली आपली गल्ली, नव्याने निवडतो. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस फ्लॅटचे वीस राउटर याच तिघांत दाटी करतात. मोबाइलवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून कमी गर्दीचा चॅनेल बघा आणि सेटिंगमध्ये कायमचा लावा.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी असू शकते. संध्याकाळी सगळे नेटवर असतात तेव्हा परिसरातली लाइन खरोखर तुंबते. प्लॅनमधला ठरलेला डेटा संपला तरी स्पीड खाली येतो, ती अट प्लॅनमध्ये लिहिलेली असते. पण तेव्हाही ब्रॉडबँड म्हणवायचं तर किमान २ एमबीपीएस हवेत. ही मर्यादा आधी ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने वाढवली. तेव्हा सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ अशी वायर लावून आठवडाभर टेस्ट घ्या आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. वायरवरही रोज रात्री नऊलाच स्पीड पडत असेल, तर दोष घराबाहेर आहे. मग जोर लावून तक्रार करा, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तरी सुटलं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि आठवडाभराचे स्क्रीनशॉट तिथे उपयोगी पडतात.