तीनशे जीएसएमचं पहिलं पान

नागपूरच्या सीताबर्डीवरून ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगल्या जाडजूड कागदाचं स्केचबुक आणलं, त्याला आता दीड वर्ष झालं. पहिलं पान अजून कोरंच. एवढ्या महागाच्या कागदावर हात टाकायचा तर प्रेरणाही तेवढीच वजनदार पाहिजे. ती मी रोज रात्री जेवणं आटोपली की कूलरसमोर बसून मोबाइलवर शोधून राहिलो आहे.

पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या अ‍ॅपवर माझे तीन बोर्ड आहेत : ‘प्रेरणा’, ‘प्रेरणा - नक्की’ आणि ‘हेच काढायचं’. एकदा एका जलरंगातल्या मांजरीवर चुकून बोट पडलं, तर पुढचे आठ दिवस मांजरीच मांजरी. छत्री घेतलेली, चहा पिणारी, अंतराळात निघालेली. बोका मात्र एकही नाही.

मग किम जंग गी सापडले. कोरियाचे हे चित्रकार २०२२ साली गेले. पेन्सिलीची एक रेघ न मारता, समोर फोटोबिटो न ठेवता, भल्यामोठ्या कागदावर थेट ब्रशपेननं अख्खी गर्दी उतरवायचे. व्हिडिओ दोनदा पाहिला. तोवर कूलरचं पाणी संपलं. अंगाला घाम, आत्मविश्वास तेवढा थंडगार.

त्यापेक्षा क्रिस्टोफ नीमान हा जर्मन चित्रकार परवडला. अर्धा कापलेला अवोकाडो कागदावर ठेवतो, शेजारी चार रेघा ओढतो, की झाला बेसबॉलचा हातमोजा. बी म्हणजे चेंडू. हे तर आपल्यालाही जमेल, असं वाटायला लावणं हीच या माणसाची लबाडी. आमच्या फ्रीजमध्ये अवोकाडो कुठला? कारलं निघालं. रात्री साडेअकराला ते पानावर उलटंसुलटं फिरवत होतो, तर मागून आवाज आला.

“अहो, काय करून राहिले?”

“मगर.”

“ते उद्याच्या भाजीचं आहे.”

मगर फ्रीजमध्ये परत गेली.

सय्यद हैदर रझा १९३९ पासून याच नागपुरात चित्रकला शिकले. तेव्हा वायफाय नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्यांना चित्रं काढण्यावाचून इलाजच नव्हता. पुढे काळा बिंदू ही त्यांची ओळख झाली. आपणही निदान बिंदूपासून सुरुवात करावी म्हणून पेन टेकवणार, तोच इन्स्टाग्रामवर कुणीतरी नुसत्या ठिपक्यांनी काढलेला वाघ आला. पाहणं भाग होतं. ताडोबा आपलाच ना!

सकाळी पाहतो तर पहिलं पान भरलेलं. ठसठशीत अक्षरात : कूलरच्या ताट्या, पंप, कांदे २ किलो, पोहे, कारली.

“कागद मस्त जाड आहे हो,” बायको म्हणाली. “अन् कारलं एक जास्तीचं आणा. तुमच्यासाठी.”