गाणे फसले म्हणून गाणारी पडण्याची वाट पाहायची?

आज दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी होते. पुढे कॉलेजची चार-पाच मुले एका मोबाइलभोवती डोकी जुळवून उभी होती आणि पुन्हा पुन्हा तीच रील लावून पोट धरून हसत होती. मीही डोकावून पाहिले. अमेरिकी गायिका केटी पेरी प्रेक्षकांच्या डोक्यावरून एका मोठ्या यांत्रिक फुलपाखरावर बसून गात चालली आहे, ते फुलपाखरू एकाएकी खाली झुकते, ती क्षणभर हादरते, दोर घट्ट धरते आणि पुढे गायला लागते. ही 2025 च्या जुलैमधली सॅन फ्रान्सिस्कोची घटना आहे. बाई थोडक्यात वाचली, हे बघणाऱ्या कुणालाही कळावे. त्यावर त्यातला एक मुलगा म्हणाला, "पडायला पाहिजे होती राव, मजा आली असती." दुसरा म्हणाला, "नाद खुळा!" माझे कागद झाले, मी पैसे दिले आणि घरी आले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

ज्यांना या प्रकरणाची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही तीच गायिका आहे जिच्या 2010 च्या एकाच अल्बममधली पाच गाणी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तोपर्यंत असे फक्त मायकेल जॅक्सनला जमले होते आणि बायकांमध्ये ती पहिलीच. 2020 नंतर तिने नवा अल्बम काढला नव्हता, मुलगी झाली, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून ती बसत राहिली, आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी तिचा '143' हा अल्बम आला. त्याआधी जुलैत आलेले पहिले गाणे अमेरिकेत त्रेसष्टाव्या क्रमांकाच्या वर चढलेच नाही. अल्बम सहाव्या क्रमांकावर आला, आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर त्याने शंभरात चाळिशीही गाठली नाही. म्हणजे अल्बम पडला. इथपर्यंत माझी कुणाशीही तक्रार नाही, कारण तो अल्बम मलाही आवडलेला नाही.

मी तो पूर्ण ऐकला आहे, अकराच्या अकरा गाणी, आणि एकदाच नव्हे. हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी ऐकला आहे, हे मात्र मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. एकच ठेका, एकच चकचकीत आवाज, शब्दांत काही सांगायचेच नाही असा कोरडेपणा. एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले हे कळत नाही. शेवटच्या गाण्यात तिच्या चिमुरडीचा आवाज येतो आणि तेवढ्यापुरते वाटते की ही बाई आता खरे काहीतरी बोलेल, पण तोवर अल्बम संपतो. नापसंती अशी सांगता येते. त्यासाठी गाणाऱ्या माणसाच्या हाडामांसावर उठण्याची गरज नसते.

माझी आत्या ऐंशीच्या दशकात इथल्या एका ऑर्केस्ट्रात गायची. लग्न झाले, मुले झाली आणि गाणे बंद पडले, कसे ते आपल्या सगळ्यांच्या घरांत ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतल्या गणेशोत्सवात जुन्या कलाकारांना बोलवायचे ठरले आणि तिने होकार दिला. तिच्याकडे गाण्यांची एक जाड वही होती, प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, लिहिलेली. त्या वहीतले 'काळी पाच' खोडून तिने शेजारी 'काळी चार' लिहिले होते, कारण आपला आवाज आता कुठवर जातो हे तिला नीट ठाऊक होते. कार्यक्रमाआधी तिने वाद्यवृंदाच्या मुलाला दोनदा सांगितले की पट्टी एक स्वर खाली घे. तो हो म्हणाला, आणि ऐनवेळी त्याने मोबाइलवरचा तयार ट्रॅक जसाच्या तसा, मूळ पट्टीत लावला. अंतऱ्याच्या वरच्या स्वरावर आत्याचा आवाज चिरकला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, "वन्स मोअर" आले, आणि दुसऱ्या दिवशी त्या चार सेकंदांची चित्रफीत गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसला होती. ट्रॅक लावणाऱ्याचे नावही कुणी घेतले नाही.

केटी पेरीच्या बाबतीत मला नेमके हेच दिसते. '143' मधल्या त्या पहिल्या गाण्यावर लोक चिडले ते का? स्त्रीशक्तीचे गाणे म्हणून वाजतगाजत आणले आणि त्याच्या निर्मितीत डॉक्टर ल्यूक या निर्मात्याचा हात होता, ज्याच्यावर केशा या गायिकेने 2014 मध्ये लैंगिक अत्याचाराचा आरोप करून दावा लावला होता. त्याने तो आरोप कायम नाकारला, उलट बदनामीचा दावा केला, आणि 2023 मध्ये दोघांत तडजोड होऊन प्रकरण मिटले. त्याला बरोबर घेणे हा केटी पेरीचा निर्णय होता आणि तो वाईट निर्णय होता, हे मला मान्य करावेच लागेल. अशा माणसाला सोबत घेऊन बायकांच्या बळाचे गाणे विकायला काढणे हे कोणत्याही विचारी बाईला खुपणारच, मलाही खुपले. पण मला सांगा, त्या संतापातला किती वाटा त्या निर्मात्याच्या पदरी पडला? त्या रेकॉर्ड कंपनीच्या पदरी किती पडला, जिथल्या कुणीतरी त्या गाण्याला आणि त्याच्या चित्रफितीला मान हलवली असेल? सगळा राग एका तोंडावर, कारण ते तोंड पडद्यावर होते. पट्टी चुकवणारा मंचाच्या कडेला अंधारात असतो आणि शिट्ट्या खाते ती उजेडात उभी असलेली बाई.

आता कुणीतरी लगेच लिहील की ती कोट्यधीश आहे, तिला तुमच्या कळवळ्याची काय गरज. नाहीच आहे. तिची आणि माझ्या आत्याची मिळकत एका ओळीत लिहिण्याचीही सोय नाही. पण मी तिच्या बँकेच्या खात्याबद्दल बोलतच नाही, मी आपल्या तोंडातून काय बाहेर पडते त्याबद्दल बोलते आहे. "पडायला पाहिजे होती" हे वाक्य उच्चारताना त्या मुलाच्या मनात तिची संपत्ती नव्हती. एक बाई उंचावरून खाली येताना बघण्याची त्याला हौस होती, बस्स.

केटी पेरीच्या अंतराळवारीचेच पाहा. 14 एप्रिल 2025 रोजी तिच्यासह सहा बायका ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या यानातून जेमतेम अकरा मिनिटे वर जाऊन आल्या. खाली उतरल्यावर केटी पेरीने जमिनीचे चुंबन घेतले, आणि जगाला कोलीत मिळाले. एका नामांकित बर्गर विकणाऱ्या कंपनीने तर हिला परत वर पाठवता येईल का असे जाहीरपणे विचारले आणि लोकांनी त्यावर टाळ्या पिटल्या. सामान्य माणसाला महिना काढणे जड जात असताना श्रीमंतांनी असली हौस करून तिला स्त्रियांचा विजय म्हणणे मलाही पटले नाही, तो देखावा ओंगळच होता. पण त्या यानात अमांडा न्गुएन होती, जिने लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या हक्कांसाठी अमेरिकेत कायदा करून घ्यायला झगडा दिला. आयेशा बोवी होती, जी नासामध्ये अभियंता होती. त्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना कळली? चेष्टेला एक ओळखीचा चेहरा हाती लागला की बाकी काही जाणून घेण्याची गरजच उरत नाही. जे यान बांधतात, तिकिटे देतात आणि त्यातून स्वतःची जाहिरात करून घेतात ते पुन्हा एकदा कडेला, अंधारात.

पुरुष गायकांचीही टिंगल होते, हे मला कुणी सांगायला नको. 2024 च्याच मार्चमध्ये जस्टिन टिंबरलेक हा गायक बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम घेऊन आला, तोही फिका निघाला आणि लोक त्यालाही हसले. तरी त्याच्या वयावर, केसांवर, आईपणावर (बाप असण्यावर म्हणा) आणि त्याने आता घरी बसावे यावर इतके लिहिलेले मला तरी दिसले नाही. चाळिशीच्या बाईने पुन्हा मंचावर चढायचे ठरवले की तिच्याकडे हिशेब मागितला जातो, हे माझ्या मैत्रिणींना मी समजावून सांगायला नको.

मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते आपल्या गावाचे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा हे सारे शहर रस्त्यावर आले होते. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेली ती वास्तू राख होताना बघून धटिंगण गडी रडले, मी स्वतः बघितले. ज्या राजाने अल्लादिया खाँसाहेबांना इथे आणून मानाने ठेवले त्याचे आपण नाव घेतो, स्वतःला कलानगरी म्हणवतो. मग त्यानंतर दीड महिन्याने आलेल्या एका अल्बमच्या निमित्ताने आपल्याच मुलांच्या मोबाइलमध्ये जे काही फिरत होते ते बघून मला प्रश्न पडला की आपले प्रेम कलाकारांवर आहे की फक्त इमारतीवर? नाट्यगृहाच्या शेजारीच खासबाग मैदान आहे. तिथे चितपट झालेल्या पैलवानाच्या पाठीवरची माती झटकायला चार हात पुढे येतात, आणि डाव कुठे चुकला यावर रात्रभर वाद घालणारे हेच आपण, गाणारीला मात्र एक चुकलेला स्वर माफ करत नाही.

माझा भाचा 2019 च्या नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नवी मुंबईला गेला होता, आपल्याच डी. वाय. पाटलांच्या नावाच्या स्टेडियममध्ये केटी पेरीचा कार्यक्रम बघायला. घसा बसवून परतला होता आणि आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हता. याच भाच्याने गेल्या वर्षभरात घरच्या ग्रुपवर तिच्यावरचे सगळ्यात जहरी विनोद पाठवले आहेत. मी त्याला विचारले की तुला अल्बममधले नेमके काय आवडले नाही. त्याने तो ऐकलाच नव्हता. सगळे म्हणतात म्हणून, एवढेच त्याचे उत्तर. मी त्याच्यावर रागावले, पण आता हे लिहिता लिहिता माझा राग थोडा ओसरला आहे. तो मुलगा दुष्ट नाही. शिक्षण झाले आहे, नोकरी नाही, दिवसभर हातात मोबाइल, आणि लांबवरच्या एका श्रीमंत बाईला हसणे फुकट आहे. स्वतः केटी पेरीनेही त्या दिवसांत चाहत्यांना लिहिताना असेच काहीसे म्हटले होते, की ऑनलाइन जग आपल्याला झोडपते तेव्हा त्यातली कितीतरी माणसे आतून दुखावलेली असतात हे आपल्याला कळते. मला तिच्या अल्बमपेक्षा तिचे हे बोलणे जास्त आवडले.

पण सगळेच माफ करायची माझी तयारी नाही. त्या चार सेकंदांच्या चित्रफितीनंतर माझी आत्या गायलेली नाही. घरच्या गणपतीच्या आरतीलाही ती ओठ हलवत नाही, नुसत्या टाळ्या वाजवते. वही तिने माझ्याकडे देऊन टाकली आहे. ज्यांनी ती चित्रफीत स्टेटसला ठेवली त्यांतले बरेचजण मला फेसबुकवर जोडलेले आहेत आणि ही पोस्ट वाचत असतील. तुम्ही गंमत केलीत आणि विसरून गेलात. केटी पेरी निदान त्या कलंडलेल्या फुलपाखरावर दोर धरून गात राहिली, कारण तिच्यापाठी पैसा आहे, माणसे आहेत, वर्षानुवर्षांची सवय आहे. हे सगळे ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय होते ते मी रोज बघते.

या वर्षीच्या कार्यक्रमासाठी मंडळाच्या मुलांनी पुन्हा जुन्या गायक-गायिकांची यादी करायला घेतली आहे आणि माझ्याकडेही नावे मागितली आहेत. मी त्यांना कळवले आहे की तयार ट्रॅक चालणार नाहीत, पेटी आणि तबला हवा, प्रत्येकीला तिची पट्टी आधी विचारायची आणि आदल्या दिवशी एकदा तालीम करायची, नाहीतर मी एकही नाव देणार नाही. अजून उत्तर आलेले नाही. आणि केटी पेरीचा पुढचा अल्बम आला तर मी तोही पूर्ण ऐकणार आहे. वाईट असेल तर वाईट आहे असे इथेच लिहीन. ज्यांना खाली भांडायचे आहे त्यांनी '143' मधली चार तरी गाणी ऐकून या, मग बोलू.