एका आकड्यावर निदान नको
रुग्णाने घरी घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदी संगणकाने एकत्र करून त्यावरून निदान व्हावे, हे लेखातील म्हणणे मला मनापासून पटले. डिचोलीला आमच्या आईचा वरचा रक्तदाब दवाखान्यात नेहमी १६० च्या आसपास भरायचा. घरी मात्र सकाळी ओसरीवरच्या खुर्चीत पाठ टेकवून, पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर घेतलेल्या आठवडाभराच्या नोंदींची सरासरी १२८/७८ निघाली आणि डॉक्टरांनी गोळी वाढवण्याचा विचार सोडला. दवाखान्यात सर्वसाधारणपणे १४०/९० ही उच्च रक्तदाबाची मर्यादा धरतात, घरी १३५/८५. संगणकाला हा फरक ठाऊक असायला हवा.

एक गोष्ट मात्र लेखात यायला हवी होती. घरी रक्तदाब मोजणारी ही यंत्रे स्टेथोस्कोपसारखा आवाज ऐकत नाहीत. दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यातील हवेच्या दाबात नाडीमुळे उठणारी कंपने टिपून ती वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे गणिताने काढतात, त्यामुळे नाडी अनियमित असेल किंवा पट्टा दंडाला लहान पडत असेल, तर चुकलेला आकडाही संगणकाच्या आलेखात खऱ्यासारखाच उमटतो. आईच्या दंडाला मोठा पट्टा लागतो, हे आम्हाला यंत्र घेतल्यावर तब्बल दोन महिन्यांनी कळले.