सात सह्या आणि एक पात्रांव

गोव्यात डिलिव्हरीच्या पोरांची युनियन काढायचं मनात आलंय? फार छान. पण आधी पात्रांव, म्हणजे मालक, शोधा.

युनियन म्हटली की निवेदन आलं, आणि निवेदन म्हटलं की ते हातात घेऊन फोटोला उभा राहणारा कोणीतरी हवा. कदंब बसवाल्यांना तो मिळाला, खाणवाल्यांनाही मिळाला. तुमच्याकडे ॲप आहे. टीम लीडला निवेदन द्याल तर तो बिचारा तुमच्याहून घाबरलेला, कारण त्याची नोकरी तिसऱ्याच एजन्सीकडे. त्यापेक्षा चॅटवर तक्रार टाका. 'आपली अडचण आम्ही समजू शकतो' हे उत्तर सेकंदात येईल. इतक्या तत्परतेने कुठल्या पात्रांवाने कामगाराचं दुःख समजून घेतलंय, सांगा पाहू!

शिवाय तुम्ही कामगार नाहीच मुळी, 'पार्टनर' आहात. पेट्रोल तुमचं, स्कूटर तुमची, हप्ता तुमचा, पावसात भिजणारं अंगही तुमचंच. रेट कार्ड तेवढं त्यांचं. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणून पर्वरीहून पणजीला जुन्या पुलावरून रांगत या. ती रांगही तुमच्याच भागीदारीत धरलेली आहे.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे हं. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये तुमचं नाव आलंय: गिग कामगार, म्हणजे पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. बाहेर, हे नीट वाचा. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के तुमच्या कल्याणनिधीत घालायचे, तेही तुम्हाला दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच. जास्त कल्याण झालं तर बाधेल ना!

युनियनच्या नोंदणीला किमान सात जण लागतात. 1926 च्या कायद्यात सात होते, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सातच. शिवाय एकूण कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे सभासद. एकूण किती, हे ॲपला विचारा. ते तुमचं रेटिंग दाखवील.

सात जमवताना एक काळजी घ्या. पहिल्याच सभेत 'नीज गोंयकार कोण आणि भायलो, म्हणजे बाहेरचा, कोण' हा प्रश्न काढा. पेडण्याचा एकीकडे, बेळगावचा दुसरीकडे, ओडिशाचा तिसरीकडे. आयडी ब्लॉक करायला कंपनीला निदान एक बोट तरी हलवावं लागतं, हे काम आपण फुकटात करतो. सभा रविवारी संध्याकाळी ठेवा आणि पाऊस पडू दे. बोनसची बीप वाजली की अध्यक्षसुद्धा हेल्मेट शोधू लागतील.

मी गेल्या महिन्यात म्हापशात एक अशीच सभा भरवली. पाचांचे सहा झाले, सातवा काही मिळेना. भूक लागली, म्हणून ॲपवरून रस-ऑम्लेट मागवलं. तासाभराने दारात एकजण उभा, रेनकोटमधून पाणी गळतंय. आम्ही सहाहीजण उठलो. त्याच्या हातात पेन दिलं, कागद पुढे केला, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सायबा," तो म्हणाला, "पयलीं ओटीपी सांग."