लहान शेतीच्या नावाने फिरणारे आकडे

लहान शेती आणि स्थानिक अन्न यांच्या समर्थनार्थ एक संदेश सातत्याने पुढे पाठवला जातो. जगातील ७० टक्के अन्न लहान शेतकरी पिकवतात, अन्नामुळे होणारे प्रदूषण मुख्यतः लांबच्या वाहतुकीचे असते आणि जवळ पिकलेले अन्न नेहमीच अधिक पौष्टिक असते, असे त्यात म्हटलेले असते. ही चळवळ मला मनापासून आपली वाटते. म्हणूनच तिच्या नावाने चुकीची माहिती पसरू नये, असा माझा आग्रह आहे.

पहिला दावा सर्वांत महत्त्वाचा. हा आकडा २००९ पासून प्रचारात आहे. मूळ मांडणीत शेतकऱ्यांबरोबरच मच्छीमार, पशुपालक, शिकार करून व रानातील अन्न गोळा करून जगणारे लोक आणि शहरांतील परसबागाही धरल्या होत्या. संदेश पुढे जाता जाता बाकीचे गळून पडले आणि ७० टक्के मात्र राहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार दोन हेक्टरपर्यंतच्या शेतांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. काही संदेशांत ८० टक्के असे लिहिलेले असते. तो आकडा कौटुंबिक शेतीचा आहे, आणि कुटुंबाच्या मालकीचे शेत शेकडो हेक्टरांचेही असू शकते. मुळात ३५ टक्के हा वाटा थोडा नाही, कारण ही शेते जगातील शेतजमिनीच्या सुमारे १२ टक्के क्षेत्रावरच आहेत. अर्थात शेतजमिनीत विस्तीर्ण कुरणेही मोजली जातात, त्यामुळे लहान शेत तिप्पट पिकवते, असा निष्कर्ष यावरून काढू नये.

वाहतुकीविषयीचा दावा तर टिकतच नाही. अमेरिकी कुटुंबांच्या आहाराविषयीच्या २००८ च्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ११ टक्के आढळला. उरलेल्यातील बहुतांश भार उत्पादनाच्या टप्प्यावरच पडतो: गुरांच्या पोटातून आणि पाणी साचलेल्या भातखाचरांतून निघणारा मिथेन, तसेच नत्रयुक्त खतांमुळे जमिनीतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड. ऐन थंडीत इंधन जाळून उबदार ठेवलेल्या जवळच्या हरितगृहातील टोमॅटो, दूरच्या उन्हात वाढून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा अधिक प्रदूषणकारी ठरू शकतो. विमानाने येणारा नाशवंत माल मात्र याला खरा अपवाद आहे.

पौष्टिकतेबाबत इतकेच म्हणता येईल की पालकासारख्या पालेभाज्यांतील क जीवनसत्त्व तोडणीनंतर झपाट्याने घटते, तेव्हा तेथे ताजेपणाला अर्थ आहे. सुकवलेल्या धान्य-कडधान्यांना अंतराने विशेष फरक पडत नाही.

मग लहान शेतीच्या बाजूने काय उरते? २०२१ मध्येच ११८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार लहान शेतांत सरासरी हेक्टरी उत्पादन आणि जैवविविधता अधिक आढळते; हरितगृह वायू व नफा यांबाबत मात्र ठोस फरक दिसत नाही. चांगले पीक हाती येऊनही क्षेत्रच लहान असल्याने एकूण मिळकत तुटपुंजी राहते, आणि थेट विक्री व खात्रीचा ग्राहक यांची खरी गरज तेथेच आहे.