व्हायोलेटला फुलं येत नाहीत या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि फोटो मोठा करून नीट पाहिला. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून नेलेल्या तीन आफ्रिकन व्हायोलेटची फुलं महिन्याभरात संपली, त्यानंतर एक कळीसुद्धा धरली नाही, पानं नुसती वर वर चालली आहेत. आम्ही दिलेला दिवा रोज संध्याकाळी सात ते अकरा लावूनही फरक नाही. म्हणजे रोपं मरतुकडी दिली आणि दिवा गळ्यात मारला, तोही ऑनलाइन मिळतो तसा जांभळा नाही, साधा पांढरा.

ताई, रोपं मरतुकडी नाहीत, आणि हे तुमच्याच फोटोत दिसतंय. मधल्या कुंडीत देठ बोटभर लांब झालेत, पानं कुंडीवर आडवी पसरायची सोडून दिव्याकडे तोंड करून उभी राहिलीत. पण रंग गर्द हिरवा आहे, मधली कोवळी पानं ताजी आहेत. गाभा कुजलेलं व्हायोलेट असं दिसत नाही. ते मलूल होऊन कुंडीच्या कडेवर लोंबतं. तुमचं रोप धडधाकट आहे. त्याला उजेड कमी पडतोय.

फोटोत दिवा शोकेसच्या वरच्या फळीला आहे आणि कुंड्या खालच्या कप्प्यात. मधलं अंतर तीन फूट तरी असेल. हा दोन फुटी, २० वॅटचा दिवा पानांपासून वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटरवर हवा. तिथे तो पाच-सहा हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) देतो. तीन फुटांवर हजारसुद्धा भरत नाहीत. व्हायोलेटला फुलायला साधारण पाच ते दहा हजार लक्स लागतात.

हॉलमध्ये पेपर आरामात वाचता येतो, मग उजेड कमी कसा, असं तुम्ही विचारलंय. रास्त प्रश्न आहे. आपला डोळा कमी-जास्त उजेडाशी लगेच जुळवून घेतो, म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. घरच्या ट्यूबखाली उजेड मोजायचा मीटर धरला तर बहुतेक वेळा दोन-तीनशे लक्सच्या आसपास आकडा येतो. भर उन्हात तोच लाखापर्यंत जातो, आणि दुपारी उघड्यावरच्या सावलीतही दहा हजार सहज मिळतात. व्हायोलेट सावलीतलं झाड आहे हे खरंच, पण ती सावली बाहेरची. मूळचं हे टांझानियाच्या उसांबारा डोंगरांतलं, झाडांखाली खडकांच्या कपारींत वाढणारं. १८९२ मध्ये तिथल्या एका जर्मन अधिकाऱ्याने, बॅरन सेंट पॉलने, ते युरोपात पाठवलं. विषुववृत्ताजवळचा भाग असल्याने तिथे बाराही महिने दिवस जवळपास बारा तासांचा. तुमच्याकडे लालबागला आठव्या मजल्यावर, समोर दुसरा टॉवर, खिडकीला ग्रिल आणि वर पावसाळ्याचं आभाळ, असं असताना खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून तासही महत्त्वाचे. रोज चार तास पुरत नाहीत, बारा हवेत. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा टायमर लावा, म्हणजे लक्षात ठेवायला नको. महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज जाते. लवकर फुलं यावीत म्हणून चोवीस तास मात्र ठेवू नका, या झाडाला रोज आठ तास तरी अंधार लागतो.

जांभळ्या दिव्याबद्दल. त्यात लाल आणि निळा एलईडी असतो, रोप त्यावर वाढतंही. पण पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही रंग असतातच, ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याच्या पांढऱ्या छटेचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) कुठलाही चांगला पांढरा दिवा चालतो. शिवाय पान पिवळं पडतंय की डाग धरतंय हे पांढऱ्या उजेडात कळतं, जांभळ्यात नाही. घरात माणसंही बसतात. मी तो दिवा विचार करून दिला होता आणि आजही तोच देईन.

आता कुंड्या वरच्या कप्प्यात घ्या किंवा दिवा खाली आणा. शोकेसची काच उघडी ठेवा. एप्रिल-मेमध्ये आत गरमी कोंडते आणि तीस अंशांच्या पुढे हे झाड कळ्या धरायला कुरकुरतं. लांबलेले देठ आखूड होणार नाहीत, त्यांची वाट पाहू नका. मधून येणारी नवी पानं बुटक्या देठाची निघाली की समजा जमलं. कळ्यांना दोन-तीन महिने द्या. उलट मधली पानं आखडून घट्ट झाली, फिकी पडली किंवा कडा खाली वळल्या, तर उजेड जास्त होतोय. दिवा चार बोटं वर घ्या. खालची लांब पानं काढाल तेव्हा फेकू नका. देठ इंचभर ठेवून तिरका कापा आणि ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा आणि हलके पांढरे खडे यांचं मिश्रण) खोचा, नवी रोपं होतील.

एवढं करूनही नवी पानं लांबच आली, तर एक कुंडी दुकानात घेऊन या. शक्य असेल तर दिवा आणि कुंडी एकाच फ्रेममध्ये येतील असा फोटो आणा, म्हणजे अंतर कळेल. दिवा नकोच असेल तर बिलासह परत करा, पैसे देईन.